खेळाडूला ‘खेळशील का?’ विचारू नका : कबड्डीच्या कारभाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्र राज्य कबड्डी असोसिएशनचे पदाधिकारी, सर्व जिल्हा संघटना, पंच, निवड समित्या, संघांचे प्रशिक्षक आणि खुल्या स्पर्धा भरवणारी मंडळं

विषय : डोक्याला मार लागलेल्या खेळाडूला बाहेर काढण्याचा निर्णय त्याच्यावर न सोपवण्याबाबत

स. न. वि. वि.

डाव्या कोपऱ्यातला खेळाडू चढाईपटूच्या घोट्यावर सूर मारतो. पाय ओढून घेताना चढाईपटूचा गुडघा वर येतो आणि कोपरारक्षकाच्या कानशिलावर बसतो. पकड मात्र सुटत नाही. मागून कव्हरचा रक्षक येतो, उजव्या कोपऱ्यातला येतो, ढीग पडतो, शिट्टी वाजते. ढिगातून उठताना कोपरारक्षक एक गुडघा मॅटवर टेकून क्षणभर तसाच थांबतो, मग भलत्याच बाजूला दोन पावलं टाकतो. साथीदार त्याच्या डोक्यावर थापा मारतात, माइकवरून त्याच्या नावाचा पुकारा होतो. पाच सेकंदांत पुढची चढाई निघायची असते. प्रशिक्षक बाहेरून ओरडतो, ‘ठीक आहेस ना रे?’ आणि तो अंगठा दाखवतो.

त्या अंगठ्यावर विसंबून सामना पुढे चालू राहतो. अंगठा खोटा असण्याची शक्यता मोठी आहे हे प्रशिक्षकाला, पंचांना आणि बाकीच्या सहा जणांनाही आतून ठाऊक असतं. तरी कोणी बोलत नाही. ही रीत बदलावी, म्हणून हे पत्र.

आधी दुखापतीबद्दल थोडं. डोक्याला किंवा अंगाला जोराचा हिसका बसला की कवटीच्या आत मेंदू हलतो आणि त्याच्यातले बारीक तंतू ताणले जातात. पेशींमधल्या क्षारांचा तोल बिघडतो. तो परत सावरायला मेंदूला नेहमीपेक्षा जास्त ऊर्जा लागते आणि नेमका त्याच वेळी रक्तपुरवठा कमी पडतो. डॉक्टर याला कन्कशन म्हणतात. आपल्याकडचा ‘मुका मार’ हा शब्द त्याला चपखल बसतो, कारण वरून काहीच दिसत नाही. ना रक्त, ना सूज. बेशुद्ध पडणारे तर दहातला एकही नसतो, म्हणून ‘शुद्धीवर होता, मग काय झालंय त्याला’ या बोलण्याला अर्थ नाही. डोकं दुखणं, गरगरणं, मळमळणं, फ्लडलाइट डोळ्यांत खुपणं, कानात शिट्टी वाजणं, उत्तर द्यायला वेळ लागणं, धुक्यात असल्यासारखं वाटणं, उगाच चिडणं किंवा रडू येणं, ही त्याची लक्षणं. ती लगेच दिसतील असंही नाही. काही वेळा काही तासांनी, रात्री घरी गेल्यावर सुरू होतात.

आणि ही सगळी लक्षणं फक्त त्या खेळाडूलाच कळतात. गुडघा सुजला तर तो लंगडतो, बोट मोडलं तर ते वाकडं दिसतं. चक्कर येतेय की नाही, हे त्याने सांगितलं तरच बाहेरच्याला समजतं. म्हणून इथे वैद्यकशास्त्राइतकंच महत्त्व आहे ते संघात काय बोललेलं चालतं आणि काय चालत नाही, याला.

आपल्या मैदानावर ‘चक्कर येतेय’ म्हणायला जागाच नाही. त्याऐवजी एक मानाचा शब्द आहे : ‘दम लागलाय’. तीस सेकंद दम धरून चढाई करणाऱ्याला दम लागणं साहजिक आहे, त्यात कमीपणा नाही. त्यामुळे डोक्याला मार बसलेला खेळाडूही तोच शब्द वापरतो, आणि आपण त्याला लिंबूपाणी देतो, मानेवर पाणी ओततो, पाठ चोळतो. दुसरी सबब वजनाची. ८५ किलोच्या आत बसण्यासाठी आदल्या दिवशी पाणी तोडलेलं असतं, तेव्हा ‘वजन उतरवलंय ना, म्हणून गरगरतंय’ असं तो म्हणतो आणि ते खरंही वाटतं. ज्याच्या डोक्याला धक्का बसताना कोणी पाहिलंय, त्याच्या बाबतीत हे दम-पाण्याचे खुलासे ग्राह्य धरू नयेत, ही आमची पहिली विनंती.

‘मुलांना माहितीच नसते, एक व्याख्यान ठेवू, भित्तिपत्रकं लावू’ हा उपाय सगळ्यांना आधी सुचतो. व्याख्यान जरूर ठेवा, पण ते पुरत नाही. अमेरिकेत मिलवॉकी भागातल्या शाळांमधल्या १,५३२ अमेरिकन फुटबॉल खेळाडूंची पाहणी २००४ साली प्रसिद्ध झाली. त्या हंगामात कन्कशन झालेल्यांपैकी ४७ टक्क्यांनीच ते कोणाला तरी सांगितलं होतं. न सांगणाऱ्यांना कारणं विचारली. दोन तृतीयांश म्हणाले, एवढं काही गंभीर वाटलं नाही. ४१ टक्के म्हणाले, सामन्यातून काढतील म्हणून. हे कन्कशनच आहे हे कळलं नाही असं म्हणणारे ३६ टक्के होते. अज्ञान आहे, पण ते तिसऱ्या क्रमांकावर. आणि पहिलं कारण दिसतं तेवढं साधं नाही. ‘गंभीर’ म्हणजे काय हे सोळा वर्षांचा मुलगा पुस्तकातून ठरवत नाही, संघातल्या मोठ्यांकडे बघून ठरवतो. कर्णधार डोक्याला पट्टी बांधून खेळलेला त्याने पाहिलेला असतो. त्यापुढे आपली नुसती चक्कर ती काय?

२०१५ मध्ये अमेरिकेतल्याच चार महाविद्यालयांमधल्या सात खेळांच्या ३२८ खेळाडूंना विचारलं, तर चारांतल्या एकाहून थोड्या जास्त जणांनी सांगितलं की मागच्या वर्षभरात डोक्याला मार बसल्यावर खेळत राहण्यासाठी त्यांच्यावर प्रशिक्षक, साथीदार, पालक किंवा प्रेक्षक यांच्यापैकी कोणाचा तरी दबाव आला होता. दबाव म्हणजे कोणी दटावलंच असं नाही. ‘उपांत्य सामना आहे रे’ एवढं एक वाक्य पुरतं.

माहिती असूनही माणूस गप्प राहतो, याचं सगळ्यात दुःखद उदाहरण कॅनडातलं आहे. ओटावाची रोवन स्ट्रिंगर ही सतरा वर्षांची मुलगी शाळेच्या रग्बी संघाची कर्णधार होती. मे २०१३ मध्ये काही दिवसांच्या अंतराने तिच्या डोक्याला लागोपाठ मार बसला. तिला स्वतःला कन्कशनची शंका आली होती, तिने इंटरनेटवर लक्षणं शोधली होती, मैत्रिणीला तसं कळवलंही होतं. प्रशिक्षकाला आणि आईवडिलांना मात्र सांगितलं नाही. पुढच्या सामन्यात पुन्हा मार बसला आणि ती गेली. मेंदू सावरायच्या आत दुसरा धक्का बसला तर तो झपाट्याने सुजू शकतो. हे क्वचित घडतं, पण घडतं ते मुख्यतः कुमार वयातच. त्या प्रकरणाच्या चौकशीतून ४९ शिफारशी आल्या आणि २०१८ मध्ये ओंटारिओ प्रांताने तिच्याच नावाने कायदा केला. तिला माहिती होती, मैत्रिणीला माहिती होती. ज्याच्या हातात तिला बाहेर काढण्याचा अधिकार होता, त्याच्यापर्यंत ती माहिती पोचली नाही, कारण पोचवण्याची रीतच नव्हती.

आता कबड्डीकडे येतो. आपल्या खेळात ही दुखापत लपवायला खेळाचे नियमच नकळत मदत करतात, आणि थोडी अक्कल लावली तर तेच नियम ती उघडही करू शकतात. डोक्याला मार बसण्याचे आपले प्रसंग ठरलेले आहेत : घोटा धरताना गुडघा किंवा टाच लागणं, दोन रक्षक एकाच चढाईपटूवर तुटून पडले की त्यांची डोकी एकमेकांवर आपटणं, धडक बसल्यावर चढाईपटू उताणा पडून डोक्याचा मागचा भाग मॅटवर आदळणं, आणि ढिगाखाली सापडणं. मातीच्या मैदानावर हाच फटका आणखी कडक बसतो. यातल्या जवळपास प्रत्येक प्रसंगानंतर कोणीतरी बाद होतं. पकड फसली तर रक्षक, साधली तर चढाईपटू. बाद झालेला अंत्यरेषेमागच्या सिटिंग ब्लॉकमध्ये जाऊन बसतो. दोन-चार मिनिटांनी गुण मिळतो, त्याचा क्रम येतो आणि तो उठून परत आत जातो. या दोन-चार मिनिटांत त्याच्याकडे कोणी बघत नाही, कारण सगळ्यांचे डोळे मॅटवर असतात. तो मात्र डोकं गुडघ्यांत घालून बसलेला असतो. खेळाडूची तपासणी करायला सामना न थांबवता एवढी आयती वेळ फार थोड्या खेळांना मिळते.

त्याहून जास्त धोका आहे तो पकड साधलेल्या रक्षकाला. सुरुवातीला सांगितलेला कोपरारक्षक आठवा. मार त्याला बसला, पण तो बाद नाही. त्याला बसायला मिळत नाही, टाळ्या त्याच्याच वाट्याला आलेल्या असतात आणि पुढच्या चढाईला पाच सेकंद उरलेले असतात. या क्षणी तो स्वतःहून हात वर करील, अशी अपेक्षा धरणं चूक आहे. त्याच्या वतीने दुसऱ्या कोणीतरी हात वर करायला हवा.

म्हणून पुढील व्यवस्था करावी असं आम्ही सुचवतो.

प्रत्येक सामन्याला एक दुखापत निरीक्षक असावा. तो संघाचा नसावा, आयोजकांचा असावा. डॉक्टर मिळाला तर उत्तम, नाहीतर फिजिओथेरपिस्ट, गावच्या उपकेंद्रातली परिचारिका, किंवा एका दिवसाचं प्रशिक्षण घेतलेला क्रीडाशिक्षक चालेल. त्याची खुर्ची गुणलेखकाच्या टेबलाशी नको, दोन्ही सिटिंग ब्लॉक दिसतील अशा जागी हवी. त्याच्याकडे एक घड्याळ, एक वही आणि थेट प्रक्षेपण दिसणारा एक फोन एवढंच साहित्य लागतं. आता तालुक्याच्या स्पर्धाही थेट दाखवल्या जातात. संशय आला की तीस सेकंद मागे जाऊन धक्का कुठे बसला हे बघता येतं. त्याने हात वर केला की पंचांनी वेळ थांबवायची. दुखापतीसाठी वेळ थांबवण्याचा अधिकार पंचांना आजही आहे, फक्त तो वापरण्याची खूण ठरलेली नाही.

काय बघायचं हेही ठरलेलं असावं. पडल्यावर हालचाल न करता राहणं, उठायला उशीर, तोल जाणं, चुकीच्या बाजूला चालणं, डोकं हातात धरणं, शून्यात बघणं. यांपैकी एकही दिसलं की खेळाडू बाहेर. मग पाच प्रश्न विचारायचे. आपल्याकडची पद्धत म्हणजे तोंडासमोर बोटं धरायची, ‘किती?’ आणि ‘नाव काय तुझं?’ असं विचारायचं. स्वतःचं नाव बहुतेकांना या दुखापतीतही नीट आठवतं. गडबड होते ती ताज्या आठवणीत. म्हणून आपण कुठल्या मैदानावर आहोत, हा पहिला अर्ध की दुसरा, शेवटचा गुण कोणी घेतला, मागचा सामना कोणाशी झाला, तो जिंकलो की हरलो, हे विचारावं. एक उत्तर चुकलं किंवा अडखळत आलं तरी त्या दिवशीचा त्याचा खेळ संपला.

आणि पाचही बरोबर आली तर? तरीही, धक्का दिसला असेल किंवा एक जरी लक्षण असेल तर, तो परत जाणार नाही. हा मुद्दा सगळ्यात जास्त ठिकाणी चुकतो. मैदानाकडेची ही चाचणी बाहेर काढण्यासाठी आहे, परत आत पाठवण्यासाठी नाही. सविस्तर तपासणीसाठी २०२२ च्या ॲमस्टरडॅम परिषदेनंतर तयार झालेलं ‘स्कॅट-६’ नावाचं साधन जगभर वापरतात. त्याला शांत जागा, प्रशिक्षित वैद्यकीय माणूस आणि निदान दहा-पंधरा मिनिटं लागतात. ज्या स्पर्धेत हे तिन्ही नाहीत तिथे नियम एकच : संशय आला, बाहेर.

दुसरी व्यवस्था साथीदारांची. आपला बचाव जोडीने चालतो, शेजारचे दोन रक्षक एकमेकांचा हात धरून उभे असतात. साथीदाराला मार बसला की त्याच्या हाताची पकड सैल पडते, खुणेला तो उशिरा वळतो, ठरलेल्या चालीत भलत्याच वेळी सुटतो. हे प्रेक्षकाला दिसत नाही, प्रशिक्षकालाही नाही, पण हात धरणाऱ्याला पहिल्या चढाईतच कळतं. तेव्हा ज्याचा हात धरलाय त्याच्या डोक्याची जबाबदारी तुझी, असं सरावातच वाटून द्यावं. चढाईपटूसाठी कर्णधार. खूण ठरवावी, उदाहरणार्थ दोन्ही हात डोक्यावर. ती खूण कोणीही केली, अगदी समोरच्या संघातल्याने केली, तरी पंचांनी वेळ थांबवावी. यात एक मानसिक सोय आहे. स्वतःसाठी थांबणं आपल्याकडे पळपुटेपणा समजला जातो, पण साथीदाराला सांभाळणं हा मोठेपणा समजला जातो. जी समजूत आधीच आहे तिच्यावरच हे काम उभं करता येतं.

तिसरी गोष्ट बदली खेळाडूची. डोक्याच्या दुखापतीसाठी घेतलेली बदली नेहमीच्या बदलींत मोजू नये. नाहीतर बदली संपलेल्या संघाचा प्रशिक्षक हात वर करणार नाही. क्रिकेटने १ ऑगस्ट २०१९ पासून हे केलं, आणि त्याच महिन्यात लॉर्ड्सवर स्टीव्ह स्मिथच्या जागी मार्नस लाबुशेन उतरला. पण नियम आला म्हणून समजुती लगेच बदलत नाहीत, हेही क्रिकेटनेच दाखवलं. डिसेंबर २०२० मध्ये कॅनबेराला रवींद्र जडेजाच्या हेल्मेटवर शेवटच्या षटकात चेंडू लागला, त्याने डाव संपेपर्यंत फलंदाजी केली, आणि त्याच्या जागी आलेल्या युझवेंद्र चहलने तीन बळी घेतले. ३१ जानेवारी २०२५ ला पुण्याजवळ गहुंज्याला शिवम दुबेच्या जागी हर्षित राणा आला, त्यानेही तीन घेतले. दोन्ही वेळा दिवसचे दिवस वाद रंगला तो बदली खेळाडूमुळे कोणाचा फायदा झाला यावर. चेंडू लागल्यावर त्या फलंदाजाला तिथल्या तिथे थांबवून तपासायला हवं होतं, ही चर्चा त्यामानाने फारच थोडी झाली. कबड्डीतही ‘नाटक करून ताजा गडी आणला’ असा आरोप होणार. त्यावर उपाय सोपा आहे : या कारणाने बाहेर गेलेला खेळाडू त्या स्पर्धेत पुन्हा उतरणार नाही, आणि वैद्यकीय दाखल्याशिवाय पुढच्या स्पर्धेतही नाही. ही किंमत असली की खोटं सोंग कोणी आणणार नाही.

खेळाडू लगेच बाहेर निघाला तर त्याचाही फायदाच होतो, हे संघांना सांगायला हवं. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ६९ कुमार खेळाडूंची तुलना केली होती. मार लागताच थांबलेले सरासरी २२ दिवसांत बरे झाले, खेळत राहिलेल्यांना ४४ दिवस लागले. जो प्रशिक्षक दहा मिनिटांसाठी खेळाडू वाचवतो, तो पुढचे तीन आठवडे गमावतो.

खेळाडू बाहेर आल्यावर काय चुकतं तेही लिहितो, कारण इथेच जिवावर बेततं. तोंडावर पाण्याचे हबके, गालावर चापट्या, कांदा हुंगवणं, जागेवर धावायला लावणं, यातून काही साधत नाही. बेशुद्ध असेल किंवा मान दुखते म्हणत असेल, तर चौघांनी हातपाय धरून उचलू नये. मानेचा मणका दुखावलेला असू शकतो. त्याला आहे तिथेच ठेवून डोकं आणि मान दोन्ही हातांनी स्थिर धरावी आणि १०८ वर फोन करावा. उलटी होत असेल तर डोकं, मान, पाठ एका रेषेत ठेवून सगळ्यांनी मिळून एकदम कुशीवर वळवावं. वारंवार उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, झटके, दोन-दोन दिसणं, हातापायात मुंग्या किंवा अशक्तपणा, वाढता गोंधळ, जागं राहता न येणं, यातलं काहीही दिसलं तर सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात, तेही थेट. वाटेत प्रशिक्षकाच्या ओळखीच्या दवाखान्यात इंजेक्शनसाठी थांबू नये.

सीटी स्कॅनबद्दल एक गैरसमज पक्का बसलाय. ‘सीटी नॉर्मल आली, खेळू दे.’ सीटीत रक्तस्राव आणि हाडाची मोड दिसते, मुका मार दिसत नाही. नॉर्मल सीटी म्हणजे जिवाचा धोका दिसत नाही, एवढंच. खेळण्याची परवानगी ती नव्हे.

पहिल्या रात्री खेळाडूने मोटारसायकल चालवू नये. रात्री एक वाजता सामना संपवून पंचवीस-तीस किलोमीटर दुचाकीने घरी जाणं ही आपल्याकडची रोजची गोष्ट आहे, म्हणून हे मुद्दाम सांगतो. त्याला एकटं सोडू नये, दारू देऊ नये, डॉक्टरांना विचारल्याशिवाय ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक अशा गोळ्या देऊ नयेत. झोपू द्यावं, पण जवळ कोणी असावं. सोबतच्या माणसाचं नाव निरीक्षकाच्या वहीत लिहून मगच त्याला मैदानावरून सोडावं.

परत येण्याच्या पायऱ्या सहा. पहिले एक-दोन दिवस सापेक्ष विश्रांती, म्हणजे अंधाऱ्या खोलीत कोंडून घेणं नव्हे, तर रोजची हलकी कामं आणि मोबाइल कमी. मग चालणं, स्थिर सायकल. मग एकट्याने पदन्यास : मॅटवर चढाईची पावलं, ‘निदान रेषे’पर्यंत (बॉक लाइन) जाऊन परत, कोणी अंगावर येणार नाही अशा बेताने. इथवर थोडी लक्षणं असली तरी चालतात, ती वाढता कामा नयेत. चौथ्या पायरीपासून मात्र लक्षणं पूर्ण गेलेली हवीत आणि डॉक्टरांची परवानगी हवी. चौथी संघासोबत स्पर्शाविना सराव, पाचवी पूर्ण पकडींचा सराव, सहावी सामना. प्रत्येक पायरीला किमान २४ तास. चौथ्या पायरीनंतर लक्षण परत आलं तर पुन्हा तिसऱ्या पायरीवर. हिशोब केला तर सगळं सुरळीत झालं तरी आठवडा जातो, आणि शाळकरी वयात चार आठवडेही लागू शकतात. आपली खुली स्पर्धा तीन-चार दिवसांची. तेव्हा पहिल्या दिवशी डोक्याला मार बसलेला खेळाडू अंतिम सामन्यात दिसला, तर कुठेतरी लपवाछपवी झाली असंच धरावं.

आता निवड समित्यांना. खेळाडू गप्प राहतो त्यात भाबडेपणा नसतो, हिशोब असतो. निवड चाचणी वर्षातून एकदा. त्यावर राज्याचा संघ, त्यावर प्रमाणपत्र, त्यावर शासकीय नोकरीतलं पाच टक्के क्रीडा आरक्षण, पोलीस, रेल्वे, बँका. शेतमजुराच्या किंवा गिरणीतल्या कामगाराच्या मुलाने एका चक्करेसाठी हे सगळं सोडावं, असं कोणत्या तोंडाने सांगायचं? २०१२ मध्ये अमेरिकन फुटबॉलमध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या ॲलेक्स स्मिथला कन्कशन झालं, तो बाहेर गेला. त्याच्या जागी आलेला कॉलिन केपरनिक चांगला खेळला आणि स्मिथला ती जागा परत मिळालीच नाही. ही गोष्ट शंभर व्याख्यानांवर पाणी ओतायला पुरेशी आहे. म्हणून लेखी नियम हवा : चाचणीदरम्यान डोक्याच्या दुखापतीने बाहेर गेलेल्याचा विचार त्याआधीच्या सामन्यांवरून होईल, किंवा त्याच्यासाठी संभाव्य संघात एक जागा चार आठवडे राखली जाईल. खुल्या स्पर्धांत मानधनावर आणलेल्या खेळाडूचं मानधन या कारणाने कापू नये. हे दोन नियम झाल्याशिवाय मुलांना ‘खरं बोला’ म्हणण्याचा नैतिक अधिकार आपल्याला नाही.

मुलींच्या बाबतीत गप्प राहण्याचं कारण बऱ्याचदा वेगळं असतं. ‘डोक्याला लागलं’ हे घरी कळलं तर खेळच बंद होईल, ही भीती. तिथे साथीदारापेक्षा पालकांशी बोलणं महत्त्वाचं, आणि तेही हंगाम सुरू होण्याआधी. मार बसल्यावर बोलायला जाल तर उशीर झालेला असेल. प्रशिक्षकाने घरच्यांना सांगावं की मुलीने लक्षणं सांगितली तर ती लवकर बरी होऊन परत खेळेल, आणि तसं ती परत येईपर्यंत पाठपुरावा करावा.

माइकवाल्यांना एक विनंती. डोक्याला पट्टी बांधून परत आलेल्याचं ‘वाघ आहे वाघ’ असं कौतुक तुम्ही करता तेव्हा सिटिंग ब्लॉकमधला दुसरा पोरगा ते ऐकत असतो. पट्टी बांधलेल्याबद्दल काही बोलू नका. बाहेर गेलेल्याचं नाव घ्या, त्याच्या आधीच्या पकडी मोजून सांगा, प्रेक्षकांना टाळ्या वाजवायला लावा. आयोजकांनी ‘उत्कृष्ट पकड’चं बक्षीस देताना अर्धवट स्पर्धा खेळलेल्यालाही विचारात घ्यावं.

शेवटी संघाच्या आतल्या समजुतीबद्दल. महाविद्यालयीन खेळाडूंच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलेली गोष्ट अशी की प्रत्येकाला वाटतं, मी सांगेन पण बाकीचे सांगणार नाहीत. सगळेच असं समजतात, म्हणून कोणीच सांगत नाही. हे सराव शिबिरात दहा मिनिटांत तपासता येतं. सगळ्यांना एकसारख्या चिठ्ठ्या आणि एकाच रंगाची पेनं द्या, नाव नको. दोन प्रश्न : डोक्याला मार बसून चक्कर आली तर तू सांगशील का? आणि, तुझ्या संघातल्या बाराजणांपैकी किती जण सांगतील असं तुला वाटतं? चिठ्ठ्या प्रशिक्षकाने उघडायच्या नाहीत, अक्षर ओळखू येतं. निरीक्षकाने किंवा फिजिओने मोजायच्या. बहुधा पहिल्या उत्तरात ‘हो’ म्हणणारे जास्त निघतात आणि दुसऱ्यात आकडा त्याहून खूपच खाली असतो. तसं निघालं तर दोन्ही आकडे फळ्यावर लिहा आणि मुलांना स्वतःच बघू द्या. पण एक सावधगिरी बाळगा. पहिल्या उत्तरातही ‘हो’ म्हणणारे थोडेच निघाले, तर ते आकडे जाहीर करू नका. ‘कोणीच सांगत नाही’ हे फळ्यावर लिहिलं तर तीच रीत पक्की होते. त्या संघात आधी प्रशिक्षक आणि कर्णधार यांच्याशी वेगळं बसावं लागेल, कारण गाठ तिथे असते.

या चिठ्ठ्यांचा प्रयोग पुढच्या राज्य निवड स्पर्धेच्या जिल्हा शिबिरांत करावा, बदलीचा आणि राखीव जागेचा नियम त्याच स्पर्धेपासून परिपत्रकाने लागू करावा, आणि पंचांच्या उजळणी वर्गात डोक्यावर दोन हात या खुणेचा समावेश करावा, ही आमची मागणी आहे. निरीक्षकांचं एक दिवसाचं प्रशिक्षण, प्रश्नांचं मराठी कार्ड आणि वहीचा नमुना आम्ही जिल्हा संघटनांना विनामूल्य देऊ. १५ जुलैला कबड्डीमहर्षी बुवा साळवींच्या जयंतीला, कबड्डी दिनाला, जिल्ह्याजिल्ह्यांत सगळे एकत्र येतातच. पहिला वर्ग त्याच दिवशी घेता येईल.

आपले,
कबड्डीच्या मैदानावर काम करणारे काही क्रीडावैद्यक, फिजिओथेरपिस्ट, पंच आणि प्रशिक्षक